बंदुकीचा हक्क आणि जुन्या कागदांची साक्ष

अठराव्या शतकात अमेरिकेतील एखाद्या खेड्यात शेतकरी मरण पावला, म्हणजे त्याच्या मालमत्तेची यादी करण्यासाठी गावातील दोघे-तिघे प्रतिष्ठित गृहस्थ त्याच्या घरी जात. गाय, नांगर, पितळी भांडी, बिछाने, एखादे धर्मपुस्तक, भिंतीला टेकून ठेवलेली बंदूक, अशी एकेक वस्तू पाहून तिच्यापुढे ते किंमत मांडीत आणि तो कागद न्यायकचेरीत दाखल करीत. वारसांचे वाटे नीट व्हावेत आणि मृताची देणी भागावीत, एवढाच त्या खटाटोपाचा हेतू असे. हे कागद पुढे सव्वादोनशे वर्षांनी विद्वानांच्या रणांगणावर ओढले जातील आणि त्यांतील बंदुकांच्या मोजणीवर एका मोठ्या राष्ट्राच्या कायद्याचा अर्थ ठरविण्याची खटपट होईल, ही कल्पना त्या यादी करणाऱ्यांना स्वप्नातही आली नसेल.

हा वाद ज्या एका वाक्यापासून निघाला, ते वाक्य अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेत १७९१ साली आले. घटनेची दुसरी दुरुस्ती या नावाने ते ओळखले जाते आणि मूळ इंग्रजीत ते अवघ्या २७ शब्दांचे आहे. त्याचा आशय असा: स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस सुव्यवस्थित लोकसेना आवश्यक असल्यामुळे, शस्त्रे बाळगण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्काचा भंग होऊ नये. लोकसेना म्हणजे पगारी फौज नव्हे. गावातील धडधाकट पुरुषांनी प्रसंगी आपापली बंदूक घेऊन एकत्र यावयाचे, असे ते दल. वाक्याचे दोन भाग उघड दिसतात. पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात हक्क. परंतु कारणामुळे हक्काला मर्यादा पडते काय, या प्रश्नाचे उत्तर वाक्य स्वतः देत नाही. आपल्याकडील मीमांसकांनी विधिवाक्य कोणते आणि त्याची प्रशस्ती करणारा अर्थवाद कोणता, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. त्यांच्या पंक्तीला अमेरिकेतील आजचे कायदेपंडित बसविले, तर ते तेथे मुळीच परके वाटणार नाहीत.

आश्चर्याची गोष्ट अशी की, जवळजवळ दीडशे वर्षे या वाक्याचा कीस पाडण्याची निकड कोणाला फारशी वाटली नाही. शहरांतील टोळीवाल्यांच्या धुमाकुळानंतर १९३४ साली अमेरिकेच्या विधिमंडळाने मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुका यांची नोंदणी सक्तीची केली आणि त्यांच्या हस्तांतरावर २०० डॉलरांचा कर बसविला. नळी कापून आखूड केलेली एक छऱ्याची बंदूक ओक्लाहोमा राज्यातून आर्कान्सामध्ये नेल्याबद्दल दोघांवर खटला झाला आणि ‘मिलर’ या नावाने तो १९३९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आरोपींच्या वतीने तेथे कोणी वकील उभा राहिला नाही, लेखी बाजूही कोणी मांडली नाही. निकाल लागण्यापूर्वीच दोघांपैकी एकाचा गोळ्या लागून मृत्यू झालेला आढळला. सरकारचे तेवढे म्हणणे ऐकून न्यायालयाने ठरविले की, अशा बंदुकीचा लोकसेनेच्या उपयुक्ततेशी संबंध असल्याचा पुरावा आपल्यापुढे नाही. एकाच पक्षाच्या युक्तिवादावर उभा राहिलेला हा त्रोटक निकाल पुढे सुमारे ७० वर्षे या विषयावरील मुख्य आधार मानला गेला. हक्क आहे तो लोकसेनेपुरता, असेच बहुतेक न्यायाधीश धरून चालले.

या समजुतीला पहिला मोठा धक्का न्यायालयातून नव्हे, तर विद्यापीठांतून बसला. १९८३ साली डॉन केट्स यांनी मिशिगनच्या कायदाविषयक नियतकालिकात दीर्घ लेख लिहून, हा हक्क व्यक्तीचा आहे असे प्रतिपादन केले. केट्स हे बंदुकीच्या बाजूचे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे होते. परंतु १९८९ साली सॅनफर्ड लेव्हिन्सन या उदारमतवादी प्राध्यापकांनी येल विद्यापीठाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. भाषणस्वातंत्र्याचा अर्थ जे पंडित जितका विस्तारता येईल तितका विस्तारतात, तेच या वाक्यापाशी येताच डोळे का मिटतात, असा त्यांचा सवाल होता. घरच्याच माणसाने विचारलेला प्रश्न टाळता येत नाही. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत व्यक्तिगत हक्काच्या बाजूने लेखांचा पूर आला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अमेरिकेतील कायद्याची बहुतेक विद्यापीठीय नियतकालिके विद्यार्थी संपादित करतात. शास्त्रीय नियतकालिकांत त्या विषयातील जाणकारांकडून लेखाची आधी तपासणी होते, तशी रीत तेथे सहसा नसते. तळटिपांची संख्या शेकड्यांवर जाते, पण त्या तळटिपांतील मूळ कागद उघडून पाहणारा वाचक विरळाच.

इतिहासकारही मग या वादात उतरले. जॉइस ली माल्कम या विदुषींनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात या हक्काचे मूळ इंग्लंडमध्ये शोधले. दुसऱ्या जेम्स या कॅथलिक राजाला पदच्युत केल्यानंतर १६८९ साली इंग्लंडच्या संसदेने हक्कांचा जाहीरनामा काढला. प्रॉटेस्टंट प्रजाजनांनी आपल्या स्थितीला साजेशी आणि कायद्याने परवानगी दिलेली शस्त्रे बाळगावीत, असे कलम त्यात आहे. माल्कम यांना त्यात व्यक्तीच्या हक्काचा उगम दिसला. इतरांच्या नजरेला मात्र त्यातील मर्यादाच अधिक भरल्या: प्रॉटेस्टंटांनाच, ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे, आणि कायदा देईल तेवढीच. एका ओळीत एका धर्मपंथाला शस्त्रे मिळत होती आणि दुसऱ्याला त्यातून वगळले जात होते. असा दुधारी पुरावा या विषयात जागोजाग भेटतो.

याच सुमारास मायकेल बेलेसाइल्स हे एमरी विद्यापीठातील प्राध्यापक पुढे आले. आरंभी सांगितलेल्या मृतांच्या मालमत्तेच्या याद्या त्यांनी हाती घेतल्या. १९९६ साली एक लेख आणि २००० साली एक जाडजूड ग्रंथ लिहून त्यांनी दावा केला की, ११,००० हून अधिक याद्या आपण तपासल्या आणि १७६५ ते १७९० या काळात शंभरातील जेमतेम १५ घरांत बंदूक आढळली, त्यांतीलही निम्म्याहून अधिक नादुरुस्त. याचा अर्थ, घटना लिहिली गेली त्या काळी अमेरिकन माणूस बंदुकीशिवायच जगत होता. घरोघरी बंदूक ही एकोणिसाव्या शतकातील कारखानदारीची आणि यादवी युद्धाची देणगी. हा निष्कर्ष खरा असता, तर वादाचे पारडेच फिरले असते. गॅरी विल्स यांच्यासारख्या मान्यवर अभ्यासकांनी ग्रंथाचे स्वागत केले आणि २००१ साली इतिहासलेखनाचे बॅन्क्रॉफ्ट पारितोषिक त्याला मिळाले.

शंका काढणाऱ्यांत आघाडीवर होते क्लेटन क्रेमर. त्यांचा चरितार्थ संगणकाच्या व्यवसायावर चाले. तळटिपा घेऊन ते मूळ ग्रंथ उघडू लागले आणि अवतरणे जुळेनात. ते बंदुकीच्या बाजूचे लेखक होते, म्हणून इतिहासकारांच्या वर्तुळात त्यांचे म्हणणे बराच काळ कोणी मनावर घेतले नाही. नंतर जेम्स लिंडग्रेन या कायद्याच्या प्राध्यापकांनी एका सहकाऱ्यासह याद्यांची फेरमोजणी केली. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील नोंदींत स्त्रियांच्या याद्या पुरुषांच्या म्हणून धरलेल्या आढळल्या, आणि जे लोक मृत्युपत्र न करताच वारले होते त्यांच्या मृत्युपत्रांचाही हवाला दिलेला आढळला. एलिस हॅन्सन जोन्स या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी १७७४ सालच्या सुमारे ९०० याद्या पूर्वीच प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांत निम्म्याहून अधिक पुरुषांच्या घरी बंदूक होती. सॅन फ्रान्सिस्को येथील एकोणिसाव्या शतकातील याद्या आपण तेथील न्यायालयात वाचल्या, असे बेलेसाइल्स यांनी लिहिले होते. त्या याद्या १९०६ च्या भूकंपात आणि आगीत जळून गेल्याचे उघड झाले. मोजणीची टिपणे मागितली, तेव्हा ती पिवळ्या कागदांच्या वह्यांवर केलेली होती आणि विद्यापीठातील इमारतीत नळ फुटून पाण्यात नष्ट झाली, असे त्यांनी सांगितले. तीन नामवंत विद्वानांच्या समितीने २००२ साली चौकशी करून त्यांच्या कामावर गंभीर ठपका ठेवला. बेलेसाइल्स यांनी चुका मान्य केल्या, फसवणूक नाकारली आणि राजीनामा दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोलंबिया विद्यापीठाने पारितोषिक रद्द केले.

या प्रकरणात एकट्या ग्रंथकर्त्याला दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे नाही. निष्कर्ष आवडला म्हणून ज्यांनी मोजणी तपासली नाही, त्या परीक्षकांचा वाटाही लहान नव्हता. शिवाय मोजणी अगदी चोख केली, तरी या याद्यांवर भरवसा टाकताना जपावे लागते. मरण्यापूर्वीच मुलाला दिलेली बंदूक बापाच्या यादीत येत नाही. ज्याच्याकडे मोजण्यासारखे काही नव्हते, त्याची यादीच कोणी केली नाही. आणि घरात बंदूक होती, यावरून ती बाळगण्याचा घटनात्मक हक्क होता असे सिद्ध होत नाही. घरात गाय होती म्हणून गाईचा हक्क कोणी घटनेत शोधीत नाही.

दुसऱ्या बाजूलाही अशीच एक कथा घडली. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ साली एका ग्रंथात मांडले की, जेथे नागरिकांना बंदूक लपवून जवळ बाळगण्याचे परवाने सहज मिळू लागले, तेथे हिंसक गुन्हे घटले. या मुख्य हिशेबाची सामग्री त्यांनी इतर संशोधकांना तपासणीस दिली, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तथापि, बंदूक नुसती दाखविताच बहुतेक हल्लेखोर पळ काढतात, या विधानाला त्यांनी आपल्या एका पाहणीचा आधार दिला होता. त्या पाहणीचे कागद मागितले असता संगणक बिघडून माहिती नष्ट झाली, असे उत्तर आले. एकाची टिपणे पाण्यात गेली, दुसऱ्याची यंत्रात. पुढे २००४ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सर्व हिशेब पुन्हा मांडून पाहिले आणि या परवान्यांमुळे गुन्हे घटतात किंवा वाढतात, यांपैकी काहीही उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येत नाही, असा निर्वाळा दिला. एका सदस्याचे मत तेवढे वेगळे पडले.

पुरावा एवढा तोकडा का, याचे एक कारण राजकीय होते. १९९३ साली डॉक्टर आर्थर केलरमन आणि त्यांचे सहकारी यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात दाखविले की, ज्या घरात बंदूक आहे तेथे घरातल्याच माणसाचा खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट अधिक आढळतो. ज्यांना आधीच भीती आहे असेच लोक बंदूक घेत असतील, हा त्यावरील आक्षेप रास्त होता आणि आणखी संशोधनाने त्याचा निकाल लावता आला असता. परंतु या अभ्यासाला सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा पैसा मिळाला होता. १९९६ साली आर्कान्साचे प्रतिनिधी जे डिकी यांच्या पुढाकाराने विधिमंडळाने अट घातली की, बंदूक-नियंत्रणाचा प्रचार होईल अशा कामाला त्या केंद्राचा पैसा जाऊ नये. त्याबरोबरच केंद्राच्या अंदाजपत्रकातील २६ लाख डॉलर, म्हणजे आदल्या वर्षी या विषयावर खर्चलेली नेमकी रक्कम, दुसरीकडे वळविण्यात आले. अटीत संशोधनावर बंदी कोठेच लिहिलेली नव्हती. पण शहाण्याला इशारा पुरतो. पुढील दोन दशके या केंद्राने हा विषय जवळजवळ सोडून दिला.

या डिकींची पुढील हकीकत उल्लेखनीय आहे. ज्या मार्क रोझेनबर्ग यांच्या विभागाचा पैसा त्यांनी तोडला, त्यांच्याशीच त्यांची पुढे मैत्री जमली आणि २०१२ साली दोघांनी मिळून वृत्तपत्रात लेख लिहून संशोधन पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. डिकी २०१७ साली वारले. २०२० च्या आर्थिक वर्षासाठी विधिमंडळाने या संशोधनाकरिता अडीच कोटी डॉलर मंजूर केले, ते त्यांना पाहावयास मिळाले नाही. मधल्या काळात जे मोजले जावयास हवे होते, त्याची थोडी कल्पना एका आकड्यावरून येते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. वादविवादात सतत दाराशी आलेला दरोडेखोर उभा केला जातो, परंतु अर्ध्याहून अधिक मृत्यूंत बंदूक धरणारा हात आणि मरणारा माणूस एकच होता. मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून ती कुलपात ठेवण्यास भाग पाडणाऱ्या कायद्यांमुळे कोवळ्या वयातील आत्महत्या कमी होतात, हा निष्कर्ष रँड या संशोधनसंस्थेने आपल्या मोठ्या आढाव्यात सबळ पुराव्याचा ठरविला. अशा पक्क्या निष्कर्षांची संख्या मात्र थोडीच भरली.

इकडे न्यायालयात पारडे फिरले होते. वॉशिंग्टन शहरात घरातही पिस्तूल ठेवण्यास बंदी होती. ती २००८ साली ‘हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली आणि स्वसंरक्षणार्थ घरात शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असे ठरविले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिला, विरोधी मत स्टीव्हन्स यांनी. दोघेही तोच १६८९ चा जाहीरनामा, तेच जुने कागद चाळीत होते आणि उलट टोकांना पोहोचत होते. २०१० साली हा हक्क सर्व राज्यांना आणि नगरपालिकांना लागू झाला. ‘शस्त्र धारण करणे’ या मूळ इंग्रजी शब्दप्रयोगाचा त्या काळच्या लिखाणातील वापर भाषाशास्त्रज्ञांनी पुढे संगणकाच्या साह्याने शोधला, तेव्हा बहुतेक सर्व उल्लेख सैनिकी कामाचे निघाले. परंतु तोवर निकाल लागून दहा वर्षे झाली होती.

भारतीय श्रोत्याला हे सर्व परके वाटेल, पण हाच प्रश्न आपल्या घटनासमितीपुढेही आला होता. लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्रकायद्याने देशी माणसाच्या हातचे शस्त्र परवान्याखाली आणले. तो अपमान येथील सुशिक्षितांना दीर्घकाळ सलत होता. म्हणूनच भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३१ साली कराचीस केलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. १९४८ च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी तो घटनेत यावा अशी सूचना मांडली. डॉक्टर आंबेडकर यांनी तिला विरोध केला. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र निर्बंधावाचून विकत घ्यावयाचे ठरले, तर राज्यकारभार चालावयाचा कसा, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. सूचना फेटाळली गेली आणि १९५९ च्या कायद्यानेही परवान्याचीच पद्धत कायम ठेवली. येथे बंदूक ही परवानगीची बाब झाली, तेथे हक्काची. त्यामुळे येथे वाद होतो तो कलेक्टर कचेरीत, आणि तेथे इतिहासाच्या दप्तरखान्यात.

दप्तरखान्याचे महत्त्व २०२२ साली एकाएकी शतपटीने वाढले. न्यूयॉर्क राज्यात पिस्तूल जवळ बाळगून बाहेर पडावयाचे, तर त्याची खास गरज सिद्ध करावी लागे. ही शंभराहून अधिक वर्षांची अट ‘ब्रूएन’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली. न्यायमूर्ती थॉमस यांनी नवी कसोटी घालून दिली. कायद्याने प्राण वाचतात काय, हे पाहावयाचे नाही. राष्ट्राच्या शस्त्रनियमनाच्या ऐतिहासिक परंपरेत तो बसतो, हे सरकारने दाखवून द्यावयाचे. म्हणजे केलरमन यांचा प्रश्न न्यायालयाबाहेर गेला आणि बेलेसाइल्स यांचा आत आला. देशभर सरकारी वकील १७९१ च्या आगेमागे झालेले गावोगावचे कायदे धुंडाळू लागले. ड्यूक विद्यापीठातील बंदुकीच्या कायद्याच्या अभ्यासकेंद्राने अशा जुन्या कायद्यांचा मोठा संग्रह केलेला आहे, पण संग्रहात न सापडलेला कायदा अस्तित्वातच नव्हता असे मानावयाचे काय, हा पेच राहतोच. मिसिसिपीतील एका संघीय न्यायाधीशाने तर, आपण काही इतिहासकार नव्हे, तेव्हा साह्यासाठी इतिहासतज्ज्ञ नेमावा काय, असे दोन्ही पक्षांना विचारले.

या कसोटीचे टोक लवकरच एका स्त्रीच्या दारापर्यंत गेले. पत्नीला किंवा सोबतिणीला मारहाण करणाऱ्या इसमाविरुद्ध न्यायालयाने मनाई हुकूम काढला असेल, तर त्या मुदतीत त्याने बंदूक बाळगू नये, असा संघीय कायदा १९९४ सालापासून आहे. टेक्सासमधील राहिमी नावाच्या एका इसमावर असा हुकूम होता. गोळीबाराच्या अनेक प्रकारांनंतर पोलिसांनी घराची झडती घेतली, तेव्हा त्याच्याकडे बंदुका सापडल्या. २०२३ साली तेथील अपील न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरविला, कारण १७९१ च्या काळात त्याच्यासारखा कायदा सापडत नव्हता. तो सापडणार कोठून? त्या काळी नवऱ्याच्या मारहाणीकडे घरातील बाब म्हणून पाहिले जाई, आणि कायदे करणाऱ्या सभांत स्त्री नव्हतीच. मालमत्तेच्या यादीत त्या घरातील बंदुकीची किंमत मिळेल, पण बंदूक कोणावर रोखली गेली होती, याची नोंद मिळणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०२४ रोजी हा निकाल फिरविला आणि कायदा वाचला. हुबेहूब जुना कायदा सापडण्याची गरज नाही, धोकादायक माणसाकडून जामीन घेण्याच्या आणि शस्त्रे परजून दहशत घालणाऱ्यास शासन करण्याच्या जुन्या कायद्यांत त्याचे तत्त्व दिसते, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले. आठ न्यायाधीश एका बाजूला होते, तरी जुना इतिहास कसा वाचावा, हे सांगण्यासाठी त्यांच्यापैकी पाच जणांनी पाच स्वतंत्र मते जोडली. नववे, एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती, हे दोन वर्षांपूर्वी ती कसोटी घालून देणारे थॉमसच होते.